पहिल्या प्रेमाची जाहिरात : कुमारवयीन प्रेमपटांच्या प्रसिद्धीचे संकेत

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट हा भारतीय पडद्यावरचा जुना आणि खात्रीचा विषय आहे. मराठीत या प्रकाराला सर्वमान्य असे एक नाव नाही. सोयीसाठी त्याला ‘कुमारवयीन प्रेमपट’ म्हणता येईल. या प्रकारात दोन धागे एकमेकांत गुंफलेले असतात. पहिला प्रेमाचा. दुसरा मोठे होण्याचा, म्हणजेच घर, शाळा, जात, पैसा आणि वडीलधाऱ्यांची सत्ता यांची पहिली खरी ओळख होण्याचा. चांगला चित्रपट दोन्ही धागे सांभाळतो. त्याची जाहिरात मात्र बहुधा पहिलाच धागा प्रेक्षकांसमोर धरते. या प्रकारच्या प्रसिद्धीचे जवळजवळ सारे संकेत या एका निवडीतून निर्माण झालेले आहेत.

संकेतांची गरज का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. भाजी निवडून घेता येते, कापड हाताने चाचपून पाहता येते. चित्रपट मात्र पैसे मोजून, पाहून झाल्यावरच कळतो. म्हणून निर्माता प्रेक्षकाला ओळखीच्या खुणा देतो. मोठा नट असेल तर त्याचा चेहरा हीच खूण पुरेशी असते. कुमारवयीन प्रेमपटात ही सोय नसते. नायक-नायिका सोळा-सतरा वर्षांची दिसायला हवीत आणि त्या वयाचे नामांकित कलावंत सहसा नसतात. त्यामुळे नाव, पोस्टर, गाणी, झलक आणि प्रदर्शनाची तारीख यांच्यावर प्रसिद्धीचा भार अधिक पडतो.

नवे चेहरे

ताऱ्याची उणीव हीच जाहिरात करायची, हा या प्रकारातला सर्वांत जुना डाव. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) व्यवसायात अपयशी ठरल्यावर राज कपूर यांनी १९७३ साली ‘बॉबी’ आणला. नायक म्हणून ऋषी कपूर यांचा तो पहिला चित्रपट होता आणि डिंपल कपाडिया प्रदर्शनाच्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. पडद्यावरच्या पात्रांचे पहिले प्रेम आणि कलावंतांचे पहिले पाऊल एकाच वेळी पाहायला मिळते, ही कल्पना तेव्हापासून रुळली.

त्यानंतरच्या हिंदी चित्रपटांत एक ठरावीक जोडणी वारंवार दिसते : मुलगा चित्रपटसृष्टीतल्या घराण्यातला आणि मुलगी नवखी किंवा कमी परिचित. ‘बेताब’मध्ये (१९८३) सनी देओल आणि अमृता सिंग, ‘कयामत से कयामत तक’मध्ये (१९८८) आमिर खान आणि जुही चावला, ‘मैंने प्यार किया’मध्ये (१९८९) सलमान खान आणि सांगलीच्या पटवर्धन घराण्यातील भाग्यश्री. ‘कयामत’च्या वेळी तर नायकाचा चेहरा न दाखवता, हा आमिर खान कोण ते शेजारच्या मुलीला विचारा, अशा आशयाचे फलक लावले गेले होते. रिक्षांच्या मागे स्वतःच्या हाताने चित्रपटाचे कागद चिकटवल्याची आठवण आमिर खान यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. कोडे घालून कुतूहल वाढवण्याची ही रीत आज नवी वाटत नाही, याचे कारण तिचे अनुकरण फार झाले.

मराठीत नवा चेहरा वेगळ्या वाटेने आला. ‘शाळा’ (२०१२) आणि ‘टाइमपास’ (२०१४) यांच्या नायिका केतकी माटेगावकर आधी गायिका म्हणून परिचित होत्या. ‘ती सध्या काय करते’मधल्या (२०१७) आर्या आंबेकर यांना दूरचित्रवाणीवरच्या बालगायकांच्या स्पर्धेमुळे घराघरांत ओळखले जात होते. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर वाढलेली मुलगी पडद्यावर वयात येते, ही त्या प्रसिद्धीतली न बोललेली जमेची बाजू होती. ‘सैराट’ने (२०१६) ही वाटही सोडली. अकलूजची रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांच्यामागे ना घराणे होते, ना दूरचित्रवाणी. ही पोरे आपल्याच गावातली आहेत, असे वाटणे हीच तिथली जाहिरात होती.

नाव

या प्रकारातले नाव लहान, उच्चारायला सोपे आणि शक्यतो तरुणांच्या तोंडचे असते. ‘टाइमपास’ हा शब्द मुळात वडीलधाऱ्यांचा शेरा. मुलांचे प्रेम म्हणजे वेळ घालवण्याचा उद्योग, असा त्याचा सूर. तोच शब्द शीर्षक झाल्यावर मुलांच्या बाजूचा झाला. ‘बालक-पालक’ (२०१३) हे नाव आणखी चतुर होते. पूर्ण नाव वाचले तर सहकुटुंब पाहण्याचा चित्रपट. आद्याक्षरांचे ‘बीपी’ केले की चोरून पाहिल्या जाणाऱ्या चित्रफितींचा पोरांच्या बोलीतला उल्लेख. लैंगिक कुतूहलासारखा अवघड विषय आईवडिलांसह मुलांपर्यंत न्यायचा, तर दोन्ही पिढ्यांना आपापला अर्थ सापडेल असे नाव हवे होते. दिग्दर्शक रवी जाधव जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेले आहेत, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

काही वेळा नाव स्वतःच प्रसिद्धीचे काम उचलते. ‘ती सध्या काय करते’ हा प्रश्न चित्रपट लागण्याच्या सुमारास समाजमाध्यमांवर विनोदांचा विषय झाला. ज्यांना चित्रपटाशी काही देणेघेणे नव्हते त्यांनीही तो प्रश्न पुढे पाठवला. उलट ‘फँड्री’ (२०१४) हे नाव बहुतेकांना कळलेच नाही. कैकाडी बोलीत त्याचा अर्थ डुक्कर. अर्थ न कळता नुसता गोड, परका वाटणारा हा शब्द प्रेक्षकाला चित्रपटगृहात घेऊन गेला आणि तिथे त्याचा अर्थ त्याच्या अंगावर आला.

पोस्टर

पोस्टरचा संकेत तर दुरूनही ओळखू येतो. दोन चेहरे जवळजवळ. उन्हाचा सोनेरी किंवा आकाशाचा निळा उजेड. मोकळी जागा, सायकल, शाळेचा गणवेश, नदीकाठ किंवा गच्ची. चेहरे पुष्कळदा प्रेक्षकाकडे न पाहता एकमेकांकडे किंवा दूर कुठेतरी पाहत असतात. ‘कॉल मी बाय युवर नेम’च्या (२०१७) पोस्टरवर निळ्या आकाशाखाली एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचे डोके टेकलेले आहे, एवढेच. या चित्रांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जी नसते ती : मोठी माणसे. कथेतला सारा संघर्ष आईबाप, नातलग आणि गाव यांच्याशी असला, तरी पोस्टरवर त्यांना जागा बहुधा नसते. असलीच तर कोपऱ्यात आणि विनोदी मुद्रेत.

संकेत पाळूनही खरे बोलता येते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ (२०१४) ही कर्करोगाने ग्रासलेल्या दोन तरुणांची प्रेमकथा. तिच्या पोस्टरवर ठरल्याप्रमाणे दोन कोवळे चेहरे आहेत. पण नायिकेच्या नाकाला लावलेली प्राणवायूची नळी झाकलेली नाही. प्रेमाबरोबर त्याची किंमतही त्याच चित्रात आहे.

गाणी आणि झलक

भारतीय प्रेमपटाची खरी झलक म्हणजे त्याची गाणी. ध्वनिफितींच्या काळात चित्रपटाआधी गाणी घरोघर पोहोचत. ‘मैंने प्यार किया’च्या यशात ध्वनिफितींच्या प्रचंड खपाचा वाटा मोठा होता. त्याचे संगीतकार ‘रामलक्ष्मण’ म्हणजे विजय पाटील. दादा कोंडके यांच्या चित्रपटांपासून मराठी रसिकांना परिचित असलेले नाव. ध्वनिफिती गेल्या आणि मोबाइल आले, तरी रीत तीच राहिली. आता गाणी एकेक करून, काही दिवसांच्या अंतराने प्रसिद्ध होतात, म्हणजे प्रत्येक गाण्यानिशी चित्रपटाची चर्चा नव्याने सुरू होते.

‘सैराट’चे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. अजय-अतुल यांच्या चार गाण्यांनी प्रदर्शनाआधीच महाराष्ट्र आणि सीमाभाग व्यापला होता. ही चारही गाणी चित्रपटाच्या पूर्वार्धात येतात. मुले गावातून पळाल्यावर गाणे थांबते. साहजिकच गाण्यांवर उभी राहिलेली सारी प्रसिद्धी पूर्वार्धाचीच होती : विहीर, ऊस, मोटारसायकल, नजरानजर. उत्तरार्धातली झोपडपट्टी, कष्ट, संशय आणि अखेरचे ते आवाज नसलेले दृश्य यांचा तिच्यात मागमूस नव्हता.

‘फँड्री’च्या बाबतीत तर याहून टोकाचे घडले. अजय-अतुल यांनी केलेले आणि तरुणांच्या तोंडी झालेले प्रेमगीत प्रसिद्धीसाठी होते. ते चित्रपटात नाहीच. प्रेक्षक ते गाणे गुणगुणत आत गेले आणि बाहेर पडताना त्यांच्या डोळ्यांपुढे जब्याने भिरकावलेला दगड होता.

दोन-अडीच मिनिटांच्या झलकेचीही रचना ठरून गेली आहे. आरंभी वर्ग, गल्ली किंवा कॉलेजचे आवार आणि मित्रांची चेष्टामस्करी. मग पहिली नजर. मग गाण्याच्या चार ओळी. त्यानंतर विरोधाची चाहूल म्हणून एखादी थप्पड, बंद होणारे दार, पावसातली धावपळ. आणि शेवटी एक विनोदी वाक्य, की प्रेक्षकाने हसत बाहेर पडावे. विरोध दाखवायचा, पण तो कोणत्या कारणाने आणि कोणत्या थराला जाईल हे सांगायचे नाही, ही या रचनेतली मर्यादारेषा आहे.

तारीख

प्रेमपटाची तारीखही बोलते. एरिक सीगल यांची ‘लव्ह स्टोरी’ ही कादंबरी आधी पटकथा होती. ती कादंबरीच्या रूपात १९७० साली १४ फेब्रुवारीला आणली गेली आणि चित्रपट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. पुस्तकाने चित्रपटाची वाट आधीच मोकळी करून ठेवली होती. ‘फँड्री’ २०१४ साली १४ फेब्रुवारीलाच प्रदर्शित झाला. प्रेमदिनी प्रेमकथा, असा साधा हिशेब पाहणाऱ्याने केला असल्यास त्याचा दोष नव्हता.

मराठीत आणखी दोन मोसम दिसतात. ‘शाळा’ २० जानेवारी २०१२, ‘बालक-पालक’ ४ जानेवारी २०१३, ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४, ‘ती सध्या काय करते’ ६ जानेवारी २०१७. दिवाळी आणि नाताळचे मोठे हिंदी चित्रपट तोवर ओसरलेले असतात, महाविद्यालयांत स्नेहसंमेलनांचे वारे असते आणि परीक्षा अजून दूर असतात. दुसरा मोसम परीक्षा संपल्यानंतरचा. ‘टाइमपास २’ १ मे २०१५ रोजी आला. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी. योगायोग असा, की ‘कयामत से कयामत तक’ही १९८८ साली २९ एप्रिललाच प्रदर्शित झाला होता.

गोव्याची पार्श्वभूमी

या संकेतांत गोव्याचा वाटा वेगळा नोंदवायला हवा, कारण तो बहुधा आपल्याला न विचारता घेतला गेला आहे. ‘बॉबी’मधली नायिका ब्रागांझा या गोमंतकीय ख्रिस्ती घरातली, वडील मासेमारी करणारे. गाण्यात इथल्या प्रसिद्ध देखणीची चालही वापरलेली आहे. त्या घराच्या चित्रणात दारू आणि मौजमजेचे ठोकळेबाज रंग भरपूर होते, तरी निदान गोव्याची माणसे कथेत होती. ‘एक दूजे के लिए’मध्ये (१९८१) गोव्यात शेजारी राहणारे दोघे प्रेमिक तमिळ आणि हिंदी भाषक आहेत. गोवा तिथे राहण्याची जागा आहे आणि समुद्र प्रेमाला साक्षी. गोमंतकीय माणूस मध्यवर्ती नाही. दोना पावलाचे नाव मात्र त्या चित्रपटाशी कायमचे जोडले गेले. ‘दिल चाहता है’नंतर (२००१) शापोऱ्याच्या किल्ल्याचेही तेच झाले. तीन मित्र तटावर बसतात आणि ती जागा मैत्रीची खूण होते. किल्ल्याचा इतिहास मागे पडतो.

प्रसिद्धीच्या भाषेत ‘गोवा’ म्हणजे वडीलधाऱ्यांची नजर जिथे पोहोचत नाही अशी जागा. इथे राहणाऱ्या मुलामुलींना घर, शेजार, देऊळ, चर्च आणि वाड्यावरच्या नजरा यांतून वाट काढावी लागते, हे त्या पोस्टरवर मावत नाही. इथल्या मुलांनी स्वतःचे वयात येणे त्या चित्रांत शोधले, तर त्यांना सापडतो तो पर्यटकांचा गोवा.

अर्धे सांगणे : तीन प्रकार

आता मुख्य प्रश्न. जाहिरातीने अर्धेच सांगितले, तर ती फसवणूक ठरते काय? सरसकट उत्तर देता येत नाही. अर्धे कशासाठी झाकले, यावर ते अवलंबून आहे.

पहिला प्रकार ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांचा. जातीवरचा चित्रपट अशी जाहिरात केली असती, तर ज्यांना त्या विषयाची अडचण होते ते घरीच बसले असते आणि ज्यांना तो आधीच पटलेला आहे तेवढेच आले असते. प्रेमकथेच्या ओळखीच्या खुणांनी सगळे आले. टाळ्या-शिट्ट्या वाजवणारे प्रेक्षागृह अखेरच्या मिनिटात गप्प झाले, आणि त्या शांततेत आपण तासाभरापूर्वी कशावर हसत होतो हे ज्याचे त्याला आठवले. येथे लपवलेली गोष्ट चित्रपटाने पुढे पूर्ण सांगितली. संकेत मोडण्यासाठी आधी तो काटेकोर पाळला गेला. तरीही एक हरकत उरते : प्रेमकथा म्हणून लहानग्यांना घेऊन गेलेल्या पालकांना त्या शेवटाची काहीच पूर्वकल्पना नव्हती. ही हरकत क्षुल्लक मानता येत नाही.

दुसरा प्रकार ‘धडक’चा (२०१८). ‘सैराट’वरून कन्नड, ओडिया, पंजाबी, बंगाली आणि हिंदीत चित्रपट निघाले, कन्नडमधल्या ‘मनसु मल्लिगे’त (२०१७) नायिकेची भूमिका रिंकू राजगुरू यांनीच केली. ‘धडक’ने कथा उदयपूरला नेली आणि जान्हवी कपूर यांच्या पदार्पणाला प्रसिद्धीत अग्रस्थान मिळाले, म्हणजे ‘बॉबी’च्या काळचा घराण्याचा संकेत परतला, या वेळी मुलीच्या बाजूने. जातीचा प्रश्न पातळ केल्याची टीका त्यावर अनेक समीक्षकांनी केली. जे जाहिरातीत नसते ते चित्रपटातूनही हळूहळू निघून जाते, हा त्याचा धडा. मूळ चित्रपटाने जाहिरातीत झाकून कथेत उघडे केले होते. येथे कथाच जाहिरातीसारखी झाली.

तिसरा प्रकार सर्वांत घातक, आणि त्याचे नामांकित उदाहरण ‘लोलिता’ (१९६२). एका प्रौढ पुरुषाने अल्पवयीन मुलीचे केलेले शोषण हा नाबोकोव्ह यांच्या कादंबरीचा विषय. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या चित्रपटाच्या पोस्टरवर मात्र बदामाच्या आकाराचा चष्मा घातलेली, प्रेक्षकाला खुणावणारी मुलगी आहे. तो चष्मा चित्रपटात कुठेच नाही. तो केवळ प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्रांतला. तरी जगाच्या स्मरणात राहिला तो चष्माच, आणि बळी ठरलेल्या मुलीचे नाव मोहात पाडणाऱ्या मुलीसाठी विशेषण म्हणून वापरले जाऊ लागले. प्रेमपटाचे संकेत जे प्रेम नाही त्यावर चढवले की काय होते, हे यातून दिसते.

प्रमाणपत्र आणि नवा पडदा

पालकांच्या हाती एक अधिकृत खूण आहे ती सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. कुमारवयीन प्रेमपटांसाठी हा बदल विशेष अर्थाचा आहे, कारण या कथा नेमक्या १३ ते १६ या वयांच्या उंबरठ्यावर घडतात. पोस्टरच्या कोपऱ्यातला तो आकडा दोन हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा अधिक माहिती देतो.

ओटीटीवर तर प्रत्येकाचे पोस्टर वेगळे असू शकते. प्रेक्षकाच्या आवडीप्रमाणे एकाच चित्रपटाचे वेगवेगळे चित्र दाखवण्याची पद्धत नेटफ्लिक्सने २०१७ साली जाहीरपणे समजावून सांगितली होती. त्यात ‘गुड विल हंटिंग’चे उदाहरण होते : प्रेमपट पाहणाऱ्याला प्रेमिकांची जोडी आणि विनोदी चित्रपट पाहणाऱ्याला रॉबिन विल्यम्स. चौकात लागलेले पोस्टर निदान सर्व गावाला एकच सांगत असे. आता आई आणि मुलगी यांच्या मोबाइलवर तोच चित्रपट दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो, आणि एकमेकींना काय दाखवले गेले हे दोघींनाही कळत नाही.

जाहिरात प्रेमाचा आरंभ विकते. त्याचा मोबदला कोण चुकवते हे ती सांगत नाही. म्हणून पुढच्या वेळी दोन कोवळे चेहरे उन्हात हसताना दिसले, की पोस्टरवर कोण नाही ते पाहावे : आईबाप कुठे आहेत, घर कुठले आहे, आडनावे कोणती आहेत, आणि ही मुले कोणापासून लांब आलेली आहेत. चित्रपट चांगला असेल, तर या प्रश्नांची उत्तरे त्याच्या उत्तरार्धात मिळतात. ती तिथेही मिळाली नाहीत, तर आपण दोन-अडीच तासांची जाहिरातच पाहिली असे समजावे.